रिते घर आणि रागांची यात्रा

पूर्वी महाराष्ट्रातल्या एखाद्या गृहस्थावर दुःखाचा घाला पडला, जिवाभावाचे माणूस गेले आणि घर खायला उठू लागले, म्हणजे वडीलधारी मंडळी त्याला एक सल्ला हमखास देत. ‘काशी-रामेश्वर करून या,’ असा तो सल्ला असे. त्यात धर्मश्रद्धा होतीच. पण मनुष्यस्वभावाचे पुष्कळसे ज्ञानही होते. घरातली प्रत्येक वस्तू गेलेल्या माणसाची आठवण करून देते. परमुलखातल्या वाटेला ते माणूस ठाऊकच नसते. शिवाय ही यात्रा म्हणजे नुसती भटकंती नव्हे. रामेश्वरची वाळू गंगेत नेऊन सोडायची आणि गंगेचे पाणी रामेश्वराच्या अभिषेकासाठी आणायचे, असा तिचा रिवाज. दुःखी माणसाच्या हाती एक ओझे दिले जाई आणि ते अमुक ठिकाणी पोहोचते करण्याची जबाबदारी त्याच्यावर पडे. त्या जबाबदारीपायी त्याला रोज सकाळी उठावे लागे, चालावे लागे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईचा एक वकील असाच घराबाहेर पडला. रामेश्वर, जगन्नाथपुरी, प्रयाग, काशी, गया, मथुरा ही त्याच्या मुक्कामाची ठिकाणे कोणाही यात्रेकरूला शोभावीत अशीच होती. पण त्याच्याबरोबर गंगेची कावड नव्हती. प्रश्नांची एक यादी होती आणि टिपणांच्या वह्या होत्या. देवळांच्या दारांपेक्षा तो गवयांची बिऱ्हाडे आणि संस्थानांतील ग्रंथसंग्रह अधिक हुडकीत होता. हा वकील म्हणजे पंडित विष्णु नारायण भातखंडे. आज हिंदुस्थानी संगीत शिकणारा विद्यार्थी पहिल्याच धड्यात जे दहा थाट पाठ करतो आणि ज्या खुणांनी स्वर लिहितो, त्या दोहोंचा उगम या प्रवासांत आहे. संगीताच्या इतिहासात हे प्रवास सर्वांना परिचित आहेत. परंतु उद्ध्वस्त झालेल्या संसारानंतर एका माणसाने आपल्या आयुष्याची मांडणी पुन्हा कशी केली, या दृष्टीने त्यांच्याकडे क्वचितच पाहिले जाते.

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी, मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. शिक्षण एल्फिन्स्टन कॉलेजात व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले. १८८५ मध्ये ते बी. ए. झाले आणि १८८७ मध्ये कायद्याची पदवी घेऊन वकिलीत शिरले. काही काळ त्यांनी कराचीस वकिली केली, पुढे मुंबईस. संगीताचा नाद लहानपणापासून होता. विद्यार्थिदशेत त्यांनी सतारीचे शिक्षण घेतले आणि १८८४ मध्ये पारशी मंडळींनी चालविलेल्या गायन उत्तेजक मंडळीत त्यांचा प्रवेश झाला. तेथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांना ध्रुपदे मिळाली, अली हुसेन खाँ व विलायत हुसेन खाँ यांच्याकडून ख्याल मिळाले. शेकडो बंदिशी मुखोद्गत झाल्या. तरीही तो सुशिक्षित गृहस्थाचा फावल्या वेळचा छंदच होता. दिवस अशिलांचा आणि संध्याकाळ संगीताची, अशी ती वाटणी होती.

ही वाटणी नियतीने मोडली. १९०० मध्ये त्यांची पत्नी वारली. पुढे तीनच वर्षांनी, १९०३ मध्ये, मुलगीही गेली. त्या वेळी त्यांचे वय त्रेचाळीस वर्षांचे होते. त्या काळाच्या रीतीप्रमाणे दुसरा विवाह करून संसार पुन्हा थाटणे मुळीच अवघड नव्हते. वकिलीत अधिक गुंतवून घेणे तर त्याहून सोपे होते. भातखंडे यांनी दोन्ही मार्ग सोडले. १९०४ मध्ये ते दक्षिणेच्या प्रवासाला निघाले, आणि पुढील काही वर्षांत वकिलीचा धंदाही त्यांनी कायमचा सोडून दिला.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे जरूर आहे. दुःखाने मनुष्याला नवे गुण येतात, अशी एक समजूत आहे. ती खरी नव्हे. भातखंडे यांची जिज्ञासा आधीचीच होती. शतक संपण्यापूर्वीच ते संगीताच्या शोधार्थ गुजरात-काठेवाडकडे फिरून आले होते. दुःखाने एवढेच केले, की त्यांना घरी परत बोलावणारे पाश तोडले. आता कितीही दिवस बाहेर काढले, तरी वाट पाहणारे कोणी उरले नव्हते. असे मोकळेपण कोणी मागून घेत नाही. पण ते वाट्याला आलेच, तर त्याचा विनियोग कशाकडे करायचा, हे मात्र माणसाच्या हाती राहते.

त्या काळी हिंदुस्थानी संगीताची स्थिती मोठी विलक्षण होती. कला वैभवात होती, पण शास्त्र विस्कटलेले होते. संस्कृत ग्रंथांत वर्णिलेले राग आणि गवई गात असलेले राग यांचा मेळ बसेना. एकाच नावाचा राग दोन घराण्यांत दोन तऱ्हांनी गायिला जाई. आणि असे का, याचे उत्तर बहुधा एवढेच मिळे, की आमच्याकडे असेच चालत आले आहे. रागरागिणी, त्यांचे पुत्र आणि पुत्रवधू असा कुटुंबकबिला मांडणारी जुनी वर्गीकरणे प्रचारात होती. परंतु त्यांत सासरा आणि सून यांचे स्वरांच्या दृष्टीने नाते काय, हे सांगता येत नसे. याहून गंभीर गोष्ट म्हणजे बंदिशी केवळ कंठात जगत होत्या. उस्ताद आपले धन मुलाला किंवा जावयाला देई, आणि तसा वारस नसेल तर ते त्याच्याबरोबर कबरीत किंवा चितेवर जाई. प्रत्येक वृद्ध गवयाच्या मृत्यूबरोबर एक ग्रंथालय नाहीसे होत होते.

अशा वेळी भातखंडे यांनी दक्षिणेचा रस्ता धरला, याला कारण होते. कर्नाटक संगीतात शास्त्र आणि प्रयोग यांची फारकत झालेली नाही, तेथे रागाला व्याकरण आहे, अशी ख्याती होती. ते व्याकरण कोठून आले आणि त्याच्या आधाराने उत्तरेची घडी बसविता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. मद्रास, तंजावर, मदुरा, रामनाड, रामेश्वर, त्रिवेंद्रम असा हा प्रवास झाला. तंजावर हे भोसल्यांच्या राजवटीचे स्थान. तेथील सरस्वती महाल ग्रंथालय हस्तलिखितांसाठी विख्यात. रामेश्वरला जाणारा रेल्वेचा पांबन पूल १९१४ मध्ये खुला झाला; १९०४ मध्ये मुख्य भूमी आणि रामेश्वरचे बेट यांच्यामधली खाडी नावेनेच ओलांडावी लागे. शतकानुशतके महाराष्ट्रातील यात्रेकरू ज्या वाटेने गेले, त्याच वाटेने हा चौरेचाळीस वर्षांचा विधुर गेला. पण त्याला घेऊन यायचे होते ते तीर्थ निराळे होते.

ते तीर्थ त्याला एट्टयपुरम् येथे सापडले. तिन्नेवेल्लीच्या मुलखातील हे एक छोटेसे जमीनदारी संस्थान. तेथे सुब्बराम दीक्षितर हे वृद्ध विद्वान राहात होते. कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तीपैकी एक असलेले मुत्तुस्वामी दीक्षितर यांच्या घराण्यातील ते होत. त्यांचा ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा प्रचंड तेलुगू ग्रंथ नेमका त्याच वर्षी, म्हणजे १९०४ मध्ये, प्रसिद्ध झाला होता. त्यांच्याकडे वेंकटमखी या सतराव्या शतकातील पंडिताच्या ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ या ग्रंथाची प्रत होती, आणि ती भातखंडे यांना मिळाली. पुढे दोनच वर्षांनी, १९०६ मध्ये, सुब्बराम दीक्षितर निवर्तले. प्रवास आणखी थोडा लांबणीवर पडला असता, तर ही भेट घडली नसती.

या ग्रंथातील मुख्य विचार गणिताइतका सरळ आहे. सप्तकात षड्ज आणि पंचम हे दोन स्वर अचल. त्यांच्या मधले आणि पुढचे स्वर निरनिराळ्या रूपांत घेता येतात. पूर्वार्धात सहा प्रकार, उत्तरार्धात सहा प्रकार. त्यांच्या जोड्या लावल्या म्हणजे छत्तीस मेळ होतात. मध्यम दोन प्रकारचा असल्यामुळे छत्तिसांचे बहात्तर होतात. कोणताही राग घ्या, त्याचे स्वर या बहात्तरांपैकी एका मेळात बसलेच पाहिजेत. येथे रागांना बायका आणि मुले असण्याची जरुरी नाही. त्यांचे स्वर हीच त्यांची ओळख. भातखंडे यांनी हे तत्त्व उचलले, बहात्तरांचा आकडा मात्र उचलला नाही. उत्तरेच्या बारा स्वरांतून प्रत्येक स्वराचे एकच रूप घेतले, तर बत्तीस थाट संभवतात. त्यांपैकी प्रचारातल्या रागांना खरोखर किती लागतात, हे पाहून त्यांनी दहा निवडले : कल्याण, बिलावल, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी.

अर्थात हा निर्णय एका दिवसाचा नव्हता. प्रचारात काय आहे, हे ठरवायचे तर प्रचार पाहिला पाहिजे. म्हणून प्रवास चालूच राहिला. त्यांची कामाची पद्धत ठरलेली होती. गावात उतरल्यावर तेथील गुणी लोकांचा तपास करायचा, त्यांची गाठ घ्यायची, गाणे ऐकायचे, आणि मग प्रश्न विचारायचे. अमुक रागात ऋषभ कोमल की तीव्र? वादी स्वर कोणता? आरोहात कोणता स्वर वर्ज्य? याला आधार कोणता? झालेले सगळे संभाषण रोजनिशीत टिपून ठेवायचे. या रोजनिशींतून गवई, शास्त्री, संस्थानिक, ग्रंथ आणि वादविवाद यांची चित्रे वाचकासमोर येतात. तो दिनक्रम एखाद्या अधिकाऱ्याच्या दौऱ्यासारखा होता. फरक एवढाच, की हा दौरा कोणाच्या हुकमाने निघालेला नव्हता आणि त्याचा अहवाल कोणालाही द्यायचा नव्हता.

१९०७ मध्ये ते पूर्वेकडे वळले. नागपूर, हैदराबाद, विजयानगरम्, जगन्नाथपुरी करून कलकत्त्यास पोहोचले. हैदराबादेस त्यांची आणि काशिनाथशास्त्री अप्पा तुलसी यांची भेट झाली. संस्कृतात रचना करणारे हे संगीतशास्त्री पुढे भातखंडे यांच्या विचारांचे पुरस्कर्ते झाले. कलकत्त्यास राजा सौरींद्रमोहन टागोर भेटले. बंगालमध्ये संगीताची शाळा काढणारे आणि संगीतावर विपुल लिहिणारे म्हणून त्यांचा लौकिक परदेशापर्यंत पोहोचला होता. १९०८ चा प्रवास उत्तरेचा. प्रयाग, काशी, लखनौ, आग्रा, दिल्ली, मथुरा, जयपूर, बिकानेर, उदेपूर ही त्यातली प्रमुख ठिकाणे. बिकानेरच्या राजग्रंथालयात महाराजा अनूपसिंहांच्या आश्रयाला असलेल्या भावभट्टाचे ग्रंथ जतन झालेले होते. अशा संग्रहांतून धुंडाळलेल्या जुन्या ग्रंथांपैकी कित्येक पुढे भातखंडे यांनी छापवून घेतले. सतत फिरतीवर असणाऱ्या माणसाने इतरांच्या घरांतील कपाटे अशी उघडून दिली.

या प्रवासांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आरंभीच्या काळात भातखंडे प्रश्न विचारीत, ते पुष्कळदा परीक्षकाच्या आवाजात. संस्कृत ग्रंथ वाचलेला, कायदा शिकलेला हा मनुष्य गवयाची उलटतपासणी घेई आणि तो निरुत्तर झाला, की त्याचे अज्ञान रोजनिशीत नमूद करी. विशेषतः मुसलमान उस्तादांच्या बाबतीत त्यांचे काही शेरे आजच्या वाचकाला बोचतील असे आहेत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टू मेन अँड म्युझिक’ या ग्रंथात जानकी बखले यांनी भातखंडे आणि पंडित विष्णु दिगंबर पलुसकर या दोघांच्या कार्याची चिकित्सा करताना या वृत्तीवर कठोर बोट ठेवले आहे. ज्याला प्रश्नाचे उत्तर शब्दांत देता येत नाही, त्याला ते ज्ञान नाहीच, असे म्हणता येत नाही. गवयाचे उत्तर त्याच्या गळ्यात असते. वकिलाच्या प्रश्नावलीत ते मावत नव्हते, हा दोष गवयाचा नव्हे.

परंतु वाटेवरचे आयुष्य माणसाला हेही शिकविते. दुसऱ्याच्या दारात उभे राहिलेल्या माणसाला फार काळ परीक्षक राहता येत नाही. कधीतरी हात पसरावाच लागतो. भातखंडे यांना बंदिशी हव्या होत्या, आणि बंदिशी उलटतपासणीने मिळत नाहीत. त्या शिष्यालाच मिळतात. जयपूरच्या मनरंग परंपरेतील महंमद अली खाँ आणि त्यांचे पुत्र आशक अली व अहमद अली यांच्याकडून त्यांना सुमारे तीनशे ख्याल मिळाले. ते ध्वनिमुद्रण करून व स्वरलिपीत उतरवून घेण्यात आले. उदेपूरच्या झाकिरुद्दीन खाँ यांच्याशी त्यांचा स्नेह जडला आणि त्यांची धृपदगायकी त्यांनी जवळून अभ्यासिली. ग्वाल्हेरच्या गायकीतील ख्याल एकनाथ पंडितांनी दिले. रामपूरचे नवाब हमीद अली खाँ हे तानसेनाच्या वंशपरंपरेतील वझीर खाँ यांचे शागीर्द; त्या नवाबांचे शिष्यत्व भातखंडे यांनी उतारवयात रीतसर पत्करले. ज्याच्या नावावर एव्हाना ग्रंथ जमा झालेले होते, त्या पंडिताने हाताला गंडा बांधून घेतला, ही घटना लहान नव्हे.

उस्तादांच्या बाजूने पाहिले, तर त्यांनी केलेला त्याग अधिकच मोठा दिसतो. घराण्याची चीज म्हणजे त्यांची वतनजमीन. ती परक्या माणसाच्या वहीत उतरली, म्हणजे उद्या ती छापली जाणार आणि बाजारात चार-दोन रुपयांना मिळणार, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. तरीही अनेकांनी ती दिली. भातखंडे यांच्या ग्रंथांचे श्रेय सांगताना या दात्यांची नावे वगळली, तर हिशेब अपुरा राहतो.

मिळालेले धन जतन करायचे, तर ते लिहिण्याची सोपी रीत हवी. भातखंडे यांची स्वरलिपी मुलांनाही चटकन कळावी अशी आहे. शुद्ध स्वराला खूण नाही. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. मंद्र सप्तकाच्या स्वराखाली टिंब, तार सप्तकाच्या स्वरावर टिंब. एका मात्रेत अनेक स्वर असतील, तर त्यांच्याखाली चंद्रकोरीसारखी वक्र रेघ. समेला फुली, खालीला शून्य, आणि टाळ्यांना त्यांचे क्रमांक. छापखान्यातील साध्या खिळ्यांनी जुळविता येईल एवढीच ही सामग्री. गमक, मींड, आंदोलन यांचे सूक्ष्म रूप तिच्यात पुरते उतरत नाही. तसा तिचा दावाही नव्हता. चीज नष्ट होऊ नये आणि गुरूपासून दूर असलेल्या विद्यार्थ्याला तिचा सांगाडा तरी मिळावा, हा तिचा हेतू होता, आणि तो सफल झाला.

प्रवासात जमलेल्या सामग्रीतून ग्रंथांची मालिका उभी राहिली. संस्कृतातील ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा ग्रंथ ‘चतुर पंडित’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाला. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ या मराठी ग्रंथाचा पहिला भाग १९१० मध्ये निघाला आणि चौथा १९३२ मध्ये. गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेले हे चार भाग म्हणजे मराठी शास्त्रीय गद्याचाही एक मोठा ठेवा आहे. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो. मधूनच प्रवासातल्या एखाद्या गवयाची हकीकत येते आणि विषय सुगम होतो. याशिवाय ‘क्रमिक पुस्तक मालिका’ या सहा भागांत सुमारे अठराशे बंदिशी स्वरलिपीसह संग्रहित झाल्या. अनेक रागांची लक्षणे ज्याच्या त्याच रागात बांधून त्यांनी लक्षणगीते रचली, ती निराळीच.

मात्र नुसत्या पुस्तकांनी विद्या टिकत नाही, तिला घर लागते. स्वतः बिऱ्हाड मोडून निघालेल्या भातखंडे यांनी पुढील वीस वर्षे संगीतासाठी घरे उभी करण्यात घालविली, आणि येथे महाराष्ट्राबाहेरील मराठी संस्थानांचा त्यांना मोठा आधार मिळाला. मार्च १९१६ मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाखाली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. निरनिराळ्या घराण्यांचे गवई आणि शास्त्री एका मांडवात बसून रागरूपांची चर्चा करू लागले. पुढे १९१८ मध्ये दिल्लीस, १९१९ मध्ये काशीस आणि त्यानंतर लखनौस अशाच परिषदा झाल्या. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी आपल्या पदरचे गवई नवी पद्धत शिकण्यासाठी मुंबईस पाठविले आणि जानेवारी १९१८ मध्ये ग्वाल्हेरीस माधव संगीत विद्यालय सुरू झाले. मुंबईस गेलेल्या त्या मंडळींत राजाभैया पूछवाले होते. त्यांनी ग्वाल्हेरच्या विद्यालयात पिढी घडविली. १९२६ मध्ये रायबहादुर उमानाथ बली, राय राजेश्वर बली यांच्या साहाय्याने लखनौस मॅरिस कॉलेज निघाले. १९६६ मध्ये त्या संस्थेला भातखंडे यांचे नाव देण्यात आले आणि आज तिला विद्यापीठाचा दर्जा आहे. भातखंडे यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी या कॉलेजची धुरा दीर्घकाळ वाहिली.

या कार्यावर आक्षेप नाहीत असे नव्हे. दहा थाटांच्या चौकटीत सगळे राग नीट बसत नाहीत. दोन मध्यम घेणारा आणि पंचम टाळणारा ललित मारव्यात घातला तरी अवघडून बसतो. कोमल गंधाराबरोबर शुद्ध निषाद घेणाऱ्या पटदीपाला तर काफीत बसविणे म्हणजे त्याचा निषादच नाकारणे. स्वरांच्या सूक्ष्म श्रुतिभेदांचा या पद्धतीत विचार नाही, असेही म्हटले जाते. शाळेच्या वर्गात बसून गवई तयार होत नाहीत, हा आक्षेप तर संगीतविद्यालये निघाली त्या दिवसापासूनचा आहे. हे सर्व आक्षेप विचारात घेण्याजोगे आहेत. परंतु ते घेणारेही वादी-संवादी, थाट, आरोह-अवरोह याच परिभाषेत बोलतात. ज्या भाषेत आज मतभेद मांडता येतो, ती भाषा बव्हंशी या प्रवाशाने रूढ केली.

मग हृदयावरच्या जखमेचे काय झाले? वाटेने ती भरून काढली का? या प्रश्नाचे उत्तर भातखंडे यांच्या वतीने कोणी देऊ नये. त्यांच्या कार्यावरून दिसते ते एवढेच. मुक्काम बदलला म्हणून दुःख मागे राहत नाही. ते गाडीत शेजारी येऊन बसते. नुसत्या विसरण्यासाठी केलेला प्रवास म्हणूनच लवकर संपतो आणि माणूस त्याच ओसाड उंबरठ्यावर परत येतो. भातखंडे यांचा प्रवास टिकला, याचे कारण त्याला रोजचे काम होते आणि ते काम त्यांच्या दुःखाहून मोठे होते. आज कोणत्या गवयाला भेटायचे, कोणती पोथी पाहायची, रात्री काय लिहून काढायचे, हे ठरलेले होते. पुन्हा, ते काम एकट्याने होणारे नव्हते. प्रत्येक गावी एका परक्या माणसाची आर्जवे करावी लागत, त्याची मर्जी सांभाळावी लागे, त्याच्याकडून काही घ्यावे लागे. घेता घेता ऋण होते आणि ऋणाने माणूस पुन्हा माणसांत बांधला जातो. घर गमावलेल्या माणसाला वाटेने घर परत दिले नाही; तिने त्याला गुरू दिले, वाद घालणारे प्रतिपक्षी दिले, आणि शेवटी शिष्य दिले.

आणखीही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपल्या घरातील मृत्यू त्यांना टाळता आला नाही. तो कोणालाच टाळता येत नाही. पण वृद्ध उस्तादांबरोबर मरणाऱ्या बंदिशींचा मृत्यू टाळता येण्यासारखा होता. त्यासाठी हवे होते वेळेवर पोहोचणारे कोणीतरी, ऐकणारा कान आणि लिहिणारा हात. १९०४ नंतरच्या त्या वर्षांत मुंबईच्या एका वकिलाजवळ या तिन्ही गोष्टी होत्या, आणि त्याला थांबविणारे कोणी नव्हते.

१९३३ मध्ये भातखंडे यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि अखंड फिरणारा हा माणूस अंथरुणाला खिळला. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, त्यांचे देहावसान झाले. ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे शेवटचे दोन भाग त्या वेळी छापून व्हावयाचे होते. ते रातंजनकरांनी हाती घेतले आणि १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले.